मागच्या शिफ्टची शून्यं

पेठच्या बसमधून फाट्यावर उतरलो तेव्हा पाच-सहा जण तिथे आधीच उभे होते. सगळ्यांच्या पाठीला सॅक, डोक्यावर मातकट रंगाच्या टोप्या. माझ्या हातात मात्र चाकाची निळी बॅग, आणि अंगात इस्त्रीची पँट. त्यांनी एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि नमस्कार केला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही काहीतरी बोलून मोकळा झालो असतो.

हे सगळं मुलीचं काम. रिटायर होऊन चार महिने झाले होते. सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, आणि घरी बसल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायला लागलो. पोळी एका बाजूला जाड झालीय म्हटल्यावर तिने लाटणं खाली ठेवलं आणि मुलीला फोन लावला. ‘तुझ्या बापाला कुठंतरी पाठव, नाहीतर मी जाते.’ मुलीने मोबाइलवर फॉर्म भरून टाकला. तीन दिवस डोंगरात राहून गिधाडांची घरटी बघायची, स्वयंसेवक पाहिजेत, अनुभवाची अट नाही. आमच्या कॉलनीतली भीमजयंती झाली आणि पुढच्याच आठवड्यात मी नाशिकच्या जुन्या सीबीएसवरून बस पकडली.

फाट्यापासून पाडा अर्ध्या तासाच्या चालीवर. आम्हाला न्यायला पाड्यातली एक बाई आली होती, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असेल. पहिल्याच चढाला माझ्या बॅगेचं एक चाक दगडात अडकून निखळलं. तिने काही न विचारता बॅग उचलली आणि डोक्यावर घेतली.

‘द्या इकडं भाऊ. चाकं हितं चालत नाय.’

मी नको नको म्हणत राहिलो आणि मोकळ्या हातांनी तिच्या मागे चालत राहिलो. बाकीच्यांच्या पाठीवर त्यांचं त्यांचं ओझं होतं. माझं एका बाईच्या डोक्यावर. माझी राहायची सोय तिच्याच घरी आहे, हे वाटेत कळलं.

संध्याकाळी तिच्या अंगणात सगळे गोल करून बसलो. मोहिमेची प्रमुख माझ्या मुलीच्या वयाची, गिधाडांचाच अभ्यास करणारी. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला काका. त्या म्हणाल्या, एकेकाने आपली ओळख करून द्या. एक दातांचे डॉक्टर निघाले, एक नवराबायको कॉम्प्युटरमधले, एक मुलगी एमएस्सी करणारी. प्रत्येकाने कुठलं ना कुठलं जंगल पाहिलेलं. एकाला तर पक्षी नुसता आवाजावरून ओळखता यायचा.

माझा नंबर जवळ येत चालला. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी तपासलं जातं, हे मी आयुष्यभर बघत आलोय. म्हणून मी आधीच कंबर कसून बसलो होतो. पण इथे कोणी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, तुम्ही काय करता? आता माझ्या संकोचाचा दोष त्यांच्यावर ढकलायलाही जागा उरली नाही. आयटीआय झालेला, गिधाड आणि घार यांतला फरक न कळणारा, मोडक्या बॅगेचा मी एक म्हातारा. हे सांगून टाकायला काय हरकत होती? पण नाही. आमची जीभ!

‘बत्तीस वर्षं क्वालिटीला काढलीत,’ मी म्हणालो. ‘मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडलाय मी. एक खराब पीस माझ्या हातून पुढे गेला नाही. डोळ्यात तेल घालून बघायची सवय आहे आपल्याला.’

‘वा!’ डॉक्टर म्हणाले. मॅडमचा चेहरा खुलला. ‘काका, मग घरट्यासमोरची दुपारची पाळी तुम्हालाच देते. तिथे असाच माणूस हवा.’

आता खरं काय ते सांगतो. कारखान्यात दर तासाला पाच पीस मोजून शीट भरायची असते. मी सकाळचे मोजायचो. जेवणानंतर मागच्या शिफ्टची शीट समोर ठेवायची आणि तीच रीडिंगं किंचित वरखाली करून पुढे ओढायची. अगदी तेच आकडे लिहिले तर साहेबाला वास लागतो, म्हणून मधे एखादा चुकार आकडा टाकायचा. मशीन चांगली होती, पीस चांगलेच निघायचे, त्यामुळे बत्तीस वर्षं निभावून गेलं. लोक यालाच अनुभव म्हणायचे. हळूहळू मीही म्हणायला लागलो.

पाड्याच्या वर एक मोठा कडा होता. त्याच्या एका कपारीत गिधाडाच्या जोडीचं घरटं, घरट्यात एकच पिल्लू. बाकीच्या घरट्यांमधली पिल्लं कधीच उडाली होती, हे मागे राहिलेलं. कपार खोल, पाड्यातून दिसत नाही. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर तासभर चढून गेलं की तिथून मोठ्या दुर्बिणीतून दिसते. म्हणून तिथे पाळ्या. दर दहा मिनिटांनी बघायचं, पिल्लू दिसलं की नाही, आई-बाप भरवायला आले की नाही, ते शीटवर लिहायचं.

आणि त्या शीटवर आमच्या घरमालकिणीचं वर्ष अडकलं होतं. हे तिने मला चुलीपुढे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापताना सांगितलं. त्या बाजूला पेरणीआधी राब भाजतात. ज्या तुकड्यात रोपं टाकायची तिथे शेण, पाला, काटक्या पसरून पेटवून द्यायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. तिचा तुकडा नेमका कड्याच्या पायथ्याला. पिल्लू उडेपर्यंत कड्याखाली जाळ करायचा नाही, असं गावाने मॅडमना वचन दिलेलं. बाकी सगळ्यांचे राब भाजून झाले. हिचाच तसाच पसरून पडलेला.

‘नवरा द्राक्षाच्या बागंवर कामाला गेलाय,’ ती म्हणाली. ‘वळीव आला तर राब भिजंल. भिजला का मंग पेटत नाय. रोप नाय तर नागली नाय. खायाचं काय?’

‘कधी उडणार ते पिल्लू?’

‘ते तुमी सांगायचं भाऊ. तुमी बघनारे.’

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी एमएस्सीवाल्या मुलीची होती. बारा वाजता मी पोचलो तेव्हा तिने शीट माझ्या हातात दिली. सगळ्या रकान्यांत शून्य. ‘काका, काहीच नाही. उडालं असेल बहुतेक,’ ती म्हणाली. ‘पण मॅडम म्हणतात लागोपाठ दोन पाळ्या रिकाम्या गेल्या तरच धरायचं. दुपारी आई-बाप भरवायला येतात, तेव्हा नीट बघा.’ आणि ती उतरून गेली.

पहिले चार रकाने मी इमानाने भरले. कपार, विष्ठेचे पांढरे ओघळ, सावली. मग भाकरी आणि ठेचा खाल्ला. ऊन असं, की दगडावर हात ठेववेना. पळसाखाली थोडी सावली होती, तिथे टेकलो. पाचच मिनिटं, म्हटलं.

जाग आली तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. उशाशी एक तांब्या ठेवलेला, वर पळसाचं पान झाकलेलं. आत ताक. काठाला पोचा आलेला तांब्या, सकाळीच मी त्यातून पाणी प्यायलो होतो. म्हणजे ती बाई एवढ्या उन्हात तासभर चढून माझ्यासाठी ताक घेऊन आली होती, मला घोरताना बघून तसंच ठेवून उतरून गेली होती.

लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त. आता हे सगळ्यांना कळणार. तेल घातलेले डोळे! मी ताक घटाघट प्यालो, दुर्बिणीला डोळा लावला. उन्हाने समोरचा कडा नुसता थरथरत होता. काही दिसत नव्हतं. मग शीट मांडीवर घेतली.

हाताला विचार करावा लागला नाही. सकाळच्या शिफ्टची शून्यं वर होतीच. तीच खाली ओढली. एक चाळीसच्या रकान्यात, शीट खरी वाटावी म्हणून, एक घार टाकली.

संध्याकाळी अंगणात मॅडमनी शीटवरच्या दोन्ही पाळ्या ताडून बघितल्या. पाड्यातले चार-पाच म्हातारेही बसले होते. ‘काका, घारसुद्धा लिहिलीत! शीट अशी पाहिजे,’ त्या म्हणाल्या. मग म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाल्या, ‘उडालं पिल्लू. आता भाजा राब.’

मी घरमालकिणीकडे बघितलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली. ही सांगणार नाही, एवढं मला कळलं आणि हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या लाजिरवाण्या गोष्टींत मला त्या हायसं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

सकाळी वारा पडलेला बघून तिने राब पेटवला. शेजारच्या बायका ओल्या डहाळ्या घेऊन कडेने उभ्या, आग पसरू नये म्हणून. आम्हीही तिथेच बांधावर होतो, डॉक्टर फोटो काढत होते. धूर सरळ वर चढला, कड्याला भिडला आणि कपारीत शिरला. तेवढ्यात कुठून तरी दोन गिधाडं आली आणि त्या धुरावर घिरट्या घालायला लागली. जाईनात. मॅडम ओरडल्या, ‘थांबा! विझवा, विझवा!’ पण पेटलेला राब काय विझतोय.

पिल्लू कपारीच्या तोंडाशी आलं. पंख पसरले. क्षणभर वाटलं, उडतंय. मग ते दोरीवरून निसटलेल्या गोधडीसारखं खाली आलं, दगडावर आपटून जाळाच्या कडेला पडलं.

सगळे ओरडत होते. पळाली ती एकटी घरमालकीण. अनवाणी, जळत्या राबातून आत घुसली आणि ते एवढं थोरलं पिल्लू पदरात धरून बाहेर आली. तिच्या तळव्यांना फोड आले होते. पिल्लाचा पंख मोडलेला, मान एका बाजूला पडलेली. डॉक्टर दातांचे, पण त्यांनी जमेल ते केलं. दुपारच्या आत ते मेलं.

मग त्याच अंगणात परत सगळे बसलो. मॅडम रडून रडून लाल झालेल्या. एक म्हातारा म्हणाला, ‘बाई, तुमीच म्हनाला का उडालं.’ मॅडम म्हणाल्या, ‘हो बाबा. माझं चुकलं असेल.’ आणि मग त्यांनी मला विचारलं. आवाजात संशय नव्हता, नुसती आशा होती.

‘काका, तुमच्या पाळीत एकदाही काही हललं नाही ना?’

एवढं उघडं दार कधी कोणी कोणाला ठेवत नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो मी. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. वयाच्या सहाव्या वर्षापासून म्हणतोय.

‘नाही मॅडम,’ मी म्हणालो. ‘डोळ्यात तेल घालून बघत होतो.’

आणि तेव्हा ती बोलली. खांबाशीच होती, पायांना हळद लावून बसलेली.

‘चूक माजी हाय. मला घाई झाली व्हती. आनखी दोन दिस थांबाया पायजे व्हतं. त्या तुकड्यात मी यंदा दाना टाकनार नाय.’

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांना कोणाचं तरी नाव हवं होतं, ते मिळालं. ज्या तुकड्यासाठी तिने इतके दिवस वाट बघितली, तोच तिने सोडून दिला. मी खाली मान घालून बॅगेच्या मोडक्या चाकाकडे बघत राहिलो.

निघताना ती लंगडत फाट्यापर्यंत आली. जीप यायला वेळ होता, बाकीचे पुढे उभे होते. मी म्हणालो, ‘ताई, तुम्ही ताक घेऊन आला होता तेव्हा...’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘तुमी निजले व्हते.’

‘मग मला उठवलं का नाही?’

‘उठवलं असतं तर कदाचित ते दिसलं असतं तुमाला,’ ती म्हणाली. ‘मला राब भाजायचा व्हता, भाऊ. म्हनून नाय उठवलं.’

एवढं खरं माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. आणि तिला उलट देण्यासारखं खरं माझ्याकडेही होतं, ते ऐकायला चार पावलांवर मॅडम उभ्या होत्या. जीप आली. मी बसलो.

घरी बायकोने विचारलं, कशी झाली मोहीम? म्हटलं, छान. पुढे वर्षभर पोळी कशीही आली तरी मी एक शब्द काढला नाही. तिला वाटलं, डोंगराची हवा मानवली. विहारात चौथं शील आलं की माझे नुसते ओठ हलायचे. जून लागला, पेरण्यांच्या बातम्या यायला लागल्या, आणि मला तो एक रिकामा तुकडा दिसत राहिला. ते पिल्लू माझ्यामुळे मेलं आणि पाड्यात बोल तिला लागत होता. पाणवठ्यावर बायका काय बोलत असतील, ते मला इथे नाशकात, पाथर्डी फाट्याच्या घरी ऐकू यायचं.

पुढच्या वर्षी फॉर्म मी स्वतः भरला. या वेळी सॅक घेतली. फाट्यावर पुन्हा अनोळखी माणसं, पुन्हा तेच अंगण, तोच गोल. ती ओसरीवर चहा गाळत होती. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मॅडम म्हणाल्या, ओळख करून देऊ या. मी म्हणालो, ‘मॅडम, पाड्यातल्या बाबांना आधी बोलवा.’ त्या जरा गोंधळल्या, पण बोलावलं. ते येऊन टेकेपर्यंत मी उभाच होतो.

‘गेल्या वर्षी घरट्यासमोर दुपारच्या पाळीला मी होतो,’ मी म्हणालो. ‘मी झोपलो होतो. सव्वादोनपर्यंत. शीट खोटी भरली. घारसुद्धा खोटी. सगळ्यांसमोर विचारलं तेव्हाही खोटं बोललो. पिल्लू माझ्यामुळे मेलं. या ताईंची त्यात चूक नाही.’

तिने मला का उठवलं नाही, ते मी सांगितलं नाही. ते तिचं, तिच्याजवळ. मॅडमचा चेहरा असा झाला की तो आठवला तर अजून घास उतरत नाही. त्या उठून आत गेल्या. नव्या लोकांपैकी कोणी माझ्याकडे बघेना. मागच्या वर्षी बोलला होता तोच म्हातारा तिच्याकडे वळून म्हणाला, ‘मंग तू का गं आपल्यावर घेतलंस?’ तिने चहा ओतला. कपबशी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

‘लय उशीर केलात भाऊ,’ ती म्हणाली.

मला वाटलं, परत पाठवतील. सकाळी मॅडमनी माझ्याकडे न बघताच शीट पुढे केली. तीच सोंड, तीच दुपारची पाळी. ‘जोडी या वर्षी आलेली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कपार रिकामी आहे. तरी बघावं लागतं. बसाल?’

बसलो. बारा ते तीन. पळसाच्या सावलीत गेलो नाही. दर दहा मिनिटांनी दुर्बिणीला डोळा लावला, कपारीचा कोपरा न् कोपरा बघितला आणि शून्य लिहिलं. पांढरे ओघळसुद्धा पुसट होत चालले होते. खाली तिचा तुकडा दिसत होता, राब पसरून ठेवलेला. आता कड्याखाली जाळ करायला कोणाची आडकाठी नव्हती. ऊन तेवढंच होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते उन्हाचं किती आणि माझं किती, कोण मोजणार.

उतरून आलो तेव्हा ती दारातच होती. तिने शीट मागितली नाही, तिला वाचता येत नव्हतं.

‘दिसलं काय?’

‘नाही.’

‘पर बघितलं ना?’

‘बघितलं ताई,’ मी म्हणालो.